वैऱ्याच्या उसाचा गूळ

रहिमतपूर
८ जानेवारी १९७२

बने,

तुझ्या दिरानं धाडलेला गडी धुळा काल येऊन गेला. रेडिओवर नाथाजीरावांचं नाव आलं म्हणं. तिकडचं स्टेशन लढाईत धरलेल्या आपल्या कैद्यांची नावं वाचून दाखवतंय, त्यात नाव, बापाचं नाव, गाव सांगलीवाडी, सगळं बरोबर. देवाची कृपा. तुझं कुंकू जाग्यावर हाय.

मीबी ऐकते. शेजारच्या हिंदुरावमामांच्या ट्रांझिस्टरला कान लावून बसते. खरखर लय. मामी म्हणत्यात, "साळू, दोन घास खा, नाव काय पळून जातंय व्हय?" परवा पंजाब्यांची नावं आली, मग मद्राशांची, एक कराडकडचं बी आलं. आमच्या ह्यांचं न्हाई. बायकोनं नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणत्यात, पण आता मी दिवसभर मनातल्या मनात तेच घेते. आकाराम, आकाराम. म्हणजे खरखरीतनं आलं तर चुकायला नको.

दोघं साडू एका पलटणीतले, एका कंपनीतले, एकाच खंदकात. 'बेपत्ता' म्हणून तारा बी आपल्याला एकाच दिवशी आल्या. मग एकाचं नाव येतं आणि दुसऱ्याचं येत न्हाई, ह्याचा अर्थ मी काय धरायचा?

मला वाईट वाटलं असं समजू नको. आनंदच झाला. धुळाला चहा पाजला, भाकरी बांधून दिली. तो गेल्यावर दार लावून घेतलं, एवढंच.

सासूबाई म्हणाल्या, "धाकटीचं नशीब पहिल्यापास्नं वर हाय." तू दोघांच्या नावानं मंगळवार धरलायस असं धुळा म्हणाला. तू तुझ्या मालकाचा धर. माझ्या मालकाचा मी धरते.

साळूआक्का


रहिमतपूर
२२ मार्च १९७२

बने,

हायत! जिवंत हायत. कार्ड आलं. पोस्टमन वेशीतनंच वरडत आला. सासूबाईंनी देव्हाऱ्यापुढं डोकं टेकलं ते उठंनातच. मी मात्र रडले न्हाई, मला हसूच येत होतं, येडीगत.

कार्डात लिहिलंय, खुशाल हाय, पायाला थोडं लागलंय, काळजी करू नये, नाथाजी भेटतो. बस. निम्मं कार्ड कोरं. तुझ्या कार्डावर जागा पुरली न्हाई म्हणून नाथाजीरावांनी कडंला आडवं लिहिलंय म्हणतीस. असंल. त्यांना लिहायसारखं तरी काही हाय.

कॅम्पातल्या मेजरसाहेबाच्या शेतावर गुऱ्हाळ लावलंय, मी काहिलीवर असतो, दोन्ही वेळ पोटभर जेवण मिळतं, असं त्यांनी लिहिलंय ते तू मला चार वेळा लिहायचं काय कारण होतं? एकदा लिहिलं असतंस तरी मला वाचता येतं. सातवी मी झालीया, तू न्हाई.

रविवारी कोरेगावला जाऊन आण्णांना दोन्ही कार्डं वाचून दाखवली. जावई वैऱ्याच्या मुलखात गूळ करतोय हे आण्णांनी ऐकलं. मग काय विचारलं असंल? "तिकडं भेंडी मिळती का? मळी कशानं काढत असंल?" म्हाताऱ्याला पोराची काळजी न्हाई, मळीची काळजी. आई म्हणाली, "अवं, तो कैदी हाय, पावणा न्हाई गेलेला." तवा आण्णा म्हणाले, "कैदी झाला तरी हात माझा हाय त्याचा."

हात माझा हाय. आठवतं का तुला, लहानपणी आण्णांच्या काहिलीपाशी कोण बसायचं? तू तर धुरानं डोळं चोळत घरी पळायचीस. पाक कवा वळतो ते मला वासावरनं कळायचं. आण्णा मला म्हणायचे, "पोरीच्या जातीला काय करायचंय?" आणि सांगलीकडनं शिकायला आलेल्या पोराला जवळ बसवायचे. ते पोर आज तिकडं पोटभर जेवतंय, आणि आमचं माणूस 'पायाला थोडं लागलंय'.

जाऊ दे. जिवंत हायत. त्यावर मी काय मागणार न्हाई.

साळूआक्का


रहिमतपूर
१५ ऑगस्ट १९७२

बने,

एक विचारते, खरं सांग. ह्यांचं दुसरं कार्ड आलं. अक्षर ह्यांचं न्हाई. पहिलं आनंदात नीट बघितलंच नव्हतं, आता काढून बघितलं तर तेबी तसंच. ह्यांचं अक्षर कोंबडीनं पाय फिरवल्यागत, हे कसं गोल, सरळ. नाथाजीराव सुट्टीत तुझी पत्रं लिहून द्यायचे, ती जुनी पत्रं काढून मी लावून बघितलं. नाथाजीरावांचं अक्षर हाय हे. तळाला 'तुझा आकाराम' तेवढं ह्यांच्या हातचं, ते बी वाकडं.

माझ्या नवऱ्याचं मन सुदीक तुझ्या नवऱ्याच्या हातनं यायचं का मला? ह्यांना काय झालंय? हाताला लागलंय का? नाथाजीराव तुला लिहीत असतील, तू मला लपवतीस का? 'लवकर सुटू, साहेब लोकांची बोलणी चाललीत' एवढंच त्यात हाय. ते तर पेपरातबी येतंय.

पाऊस न्हाई. विहिरीत पाणी खाली गेलंय. तुमच्याकडं कृष्णा हाय, तुमाला काय.

साळूआक्का


पुणे
१९ डिसेंबर १९७२

बने,

तुझं पत्र तुझ्या दिरानं हॉस्पिटलात आणून दिलं. सांगलीच्या स्टेशनावर वाजंत्री होती, नगराध्यक्ष होते, नाथाजीरावांच्या गळ्यात हार मावत नव्हते, पेपरात फोटो आला. तू नऊवारी कुठली नेसलीस ते बी लिहिलंस.

आता माझं ऐक. मी वॉर्डात गेले. खाटेवर एक म्हातारा बसला होता, दाढीत पांढरं. मी पुढच्या खाटेकडं चालले. म्हातारा म्हणाला, "साळे, कुठं निघालीस?"

चादर गुडघ्याच्या खाली सपाट होती. उजवा पाय, गुडघ्याखाली न्हाईच. तिकडंच कापला, फेब्रुवारीत. 'थोडं लागलंय' म्हणून मार्चात लिहिलं तवा पाय गेलेला होता. आणि ती सगळी कार्डं लिहिणाऱ्या तुझ्या मालकाला हे ठावं होतं. म्हणजे तुलाबी ठावं असंल. बोल, न्हवतं?

नाथाजीराव परवा भेटाय आले होते. गुटगुटीत झालेत. खांदं भरलेत. कैदेतनं आलेला माणूस असा दिसतो व्हय? वॉर्डातली सगळी बघत होती. ह्यांच्या खाटेच्या कडंला बसले, हातात हात घेतला. मी चहा आणायला म्हणून बाहेर गेले आणि आणला न्हाई. त्यांच्या दोन पायांकडं बघवत नव्हतं मला. नव्या बुटात होते दोन्ही.

एकाच खंदकातनं दोघं गेले. एक हारात आला, एक चादरीत. तुझं चांगलं झालं त्याचं मला वाईट वाटत न्हाई, बने. तुझंच का झालं, ह्याचं वाटतं.

लाकडी पाय बसवून देणार हायत. तवर मी इथंच.

साळू


रहिमतपूर
१२ एप्रिल १९७३

बने,

जत्रेतनं तू न बोलता उठून गेलीस. जाताना आईच्या पाया पडलीस, माझ्या न्हाई. तर आता मीच लिहिते. मी माफी मागायला लिहीत न्हाई, हे आधीच सांगते.

दुष्काळात जत्रा ती काय, पण आण्णांनी जावयांना बोलावलं ते बोलावलं. पंगत बसली. नाथाजीरावांना मधल्या पाटावर बसवलं, आण्णांनी सवताच्या हातानं त्यांना फेटा बांधला. ह्यांना मांडी घालता येत न्हाई म्हणून खुर्ची ठेवली, ती पार दाराशी, चपलांजवळ. फेटा बांधायचं कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई. हे हसत बसले होते, म्हणाले, "मला काय, हवा लागतीया." मी वाढत होते. माझ्या हातात रश्श्याचं भांडं होतं. ते मी पंगतीत कुणाच्या अंगावर ओतलं न्हाई हेच नशीब समज.

मग अर्जुनाकाकांनी विचारलं, "नाथाजीराव, कैदेत लय हाल केलं असतील?" आणि ते खाली बघून गप बसले. गप बसून मोठेपणा घेतला. तवा माझ्या तोंडातनं निघालं, "हाल कसलं? वैऱ्याच्या उसाचा गूळ केला त्यांनी. दोन वेळ पोटभर जेवून. हाल ह्यांचं झालं, त्यांचा पाय विचारा."

सगळी पंगत थांबली. मला ठावं हाय तवा मी थांबाय पाहिजे होतं. पण मी पुढं म्हणाले, "आपली माणसं मारणाऱ्यांच्या घरात ढेपा रचून आला, आणि त्याला फेटा."

खोटं काय बोलले मी? तूच लिहिलं होतंस, चार वेळा.

आता सगळंच बोलते. आण्णांनी नाथाजीरावांसाठी आधी कुणाचं नाव काढलं होतं, तुला ठावं हाय. ते सोयरीक घेऊन आले ते माझ्यासाठी. त्यांच्या बापानं मला बघितलं, मग पाणी द्यायला तू आलीस. दुसऱ्या दिवशी निरोप आला, थोरली सावळी हाय, धाकटी द्या. मी तुझ्या हळदीला जातं ओढलं, गाणी म्हटली. कुणी मला विचारलं का, साळे, तुला कसं वाटतं?

हे मला चांगले मिळाले. ह्यांनी मला कवा वाकडा शब्द बोलला न्हाई. पण तू माझ्यापुढं दरवेळी भरल्या ओंजळीनं यायचंस आणि मी म्हणायचं, बरं झालं बाई, हे मला आता जमत न्हाई.

साळू


रहिमतपूर
१० जुलै १९७३

बने,

दोन पत्रांना उत्तर न्हाई. धुळाच्या तोंडून कळलं ते ऐकलं. माझं बोलणं जत्रेतनं सांगलीवाडीला पोचलं, तिथनं गूळपेठेत. पेन्शनीवर आल्यावर नाथाजीराव गुळव्या म्हणून उभं राहणार होते, ठरलेल्या मळेवाल्यानं दुसऱ्याला सांगितलं म्हणं. चौकात पोरं "मेजरसाहेबाचा गुळव्या" म्हणून वरडत्यात. आता ते पेठेत हमाली करत्यात, दुसऱ्यांनी केलेल्या ढेपा पाठीवरनं वाहत्यात.

हे मी केलं असं तू सगळीकडं सांगतीस. सांग.

पण आता एक सांगायचं हाय. ते मी कुणालाबी सांगितलं नसतं, तुला तर न्हाईच. पण हे म्हणाले, "तू लिहीत नसशील तर मी कुणाकडनं तरी लिहून घेतो." परक्यानं लिहिण्यापरीस मी लिहिते.

धुळा हमालीचं सांगून गेला त्या दुपारी हे उंबऱ्यावर बसले होते. लाकडी पाय काढून शेजारी ठेवलेला. मला म्हणाले, "साळे, बस."

मी म्हणाले, "भाकरी थापायच्यात."

"बस म्हणतो न्हवं. त्याचं नाव मी सांगितलं तिकडं."

मला कळंना.

"कॅम्पात पहिल्याच दिवशी आमचं सगळ्यांचं ठरलं हुतं. कुणी सुतार हुता, कुणी न्हावी, कुणी मिस्त्री. विचारलं तर म्हणायचं, आमी फकस्त शिपाई. वैऱ्याला हुन्नर द्यायचा न्हाई. सगळ्यांनी पाळलं. माझा पाय काळा पडत चालला हुता, वास मारत हुता. डॉक्टर येतो येतो म्हणायचे, येत नव्हता. मग एक दिवस तो मेजर आला. त्याच्या बापाचा ऊस उभा, आन गूळ करणारा म्हातारा मेलेला. म्हणाला, कुणाला गूळ येतो? सगळे गप. नाथाबी गप. मी पडल्या पडल्या हात वर केला. म्हटलं, साहेब, डॉक्टर द्या, सांगतो. आन बोट केलं त्याच्याकडं."

मी म्हणाले, "मग तो गेला."

"न्हाई गेला. त्यानं साफ न्हाई म्हणून सांगितलं. तिकडची थंडी तुला ठावं न्हाई. अनवाणी उभा केला अंगणात, पडंपतूर. पडला की पाणी मारून पुन्हा उभा. दुसऱ्या दिवशी तेच. तरी न्हाई म्हणाला. मग मेजर बराकीत येऊन मला म्हणाला, त्यो तयार न्हाई, मग डॉक्टरबी न्हाई. नाथाला आत आणून टाकलं हुतं माझ्या शेजारी. मी त्याला एक शब्द बोललो न्हाई. बोलायला तोंडच नव्हतं. पण पायाचा वास त्याला येत हुता, साळे. बराच वेळ पडून राहिला. मग उठला, दारावर बुक्की मारली आन म्हणाला, चला."

मग म्हणाले, "डॉक्टर आला तवा पाय वाचण्यातला नव्हता. पण मी वाचलो. तापानं मला लिहवत नव्हतं, कार्डं त्याच्याकडनं लिहून घ्यायचो, पायाचं लिहू नको म्हणून शपथ घातली हुती. तू पंगतीत बोललीस तवा मी तिथंच तोंड उघडाय पाहिजे हुतं. खुर्चीवर बसून राहिलो."

मी उठले. भाकरी थापल्या. ताट त्यांच्यापुढं ठेवलं, म्हटलं जेवा. ते जेवले. माझं कुंकू तुझ्या नवऱ्यानं राखलं, आणि माझ्या नवऱ्यानं तुझ्या नवऱ्याचं नाव सांगितलं. आता मी तुझ्यावर चिडू कशी? राग धरायचा हक्क तेवढा माझ्याजवळ होता, तो बी तुझ्याकडं गेला.

आमी दोघं सांगलीला येतोय. हे पेठेत सगळ्यांपुढं सांगणार म्हणत्यात.

साळू


रहिमतपूर
२७ ऑगस्ट १९७३

बने,

पेठेत काय झालं ते तुझा मालक तुला सांगणार न्हाई, म्हणून लिहिते. फाडायचं असंल तर वाचून फाड.

आमी दुपारी पोचलो. अडत्याच्या दुकानापुढं हमाल विसावा घेत बसले होते, मळेवाले होते, तुमच्या वाडीतली चार-पाच माणसं होती. ह्यांनी काठी आपटली. मोठ्यानं म्हणाले, "ऐका. मी नाथाचा साडू. तिकडं त्याचं नाव मी फोडलं. तो गेला नव्हता, त्याला नेलं. माझा जीव वाचवायला नेलं." सगळं सांगितलं, अंगणातली थंडी, पाय, डॉक्टर, सगळं. माणसं ऐकत होती. एक म्हातारा मळेवाला डोळं पुसायला लागला. मला वाटलं, झालं. सुटलो आपण सगळी.

तेवढ्यात तुझा मालक आला, पाठीवर ढेप घेऊन. कवापास्नं मागं उभा होता कुणाला ठावं. ढेप खाली ठेवली, म्हणाला, "साडू, बसा. दम लागलाय तुमाला."

हे म्हणाले, "मी खरं सांगतोय, नाथा."

"खरं हाय. पण निम्मं." मग लोकांकडं वळला. "मला नेलं जबरदस्तीनं. पण काहिलीपुढं उभा केल्यावर माझ्या हाताला कुणी धरलं नव्हतं. मनात आणलं असतं तर पहिलाच पाक करपला असता. म्हटलो असतो, तुमचा ऊस खारा, तुमची काहील पातळ. त्यांना काय कळणार हुतं? डॉक्टर तर येऊन गेला हुता. पण न्हाई करपवला."

कुणीतरी म्हणालं, "मारलं असतं तुला."

"पहिल्या दिवशी ते भ्या हुतं. दुसऱ्या दिवशीबी हुतं. मग न्हाई. मग मी नुसता पाक बघत हुतो. कुणाचा ऊस, कुणाची काहील, डोक्यातच न्हाई. पिवळाधमक गूळ झाला. मेजरच्या म्हाताऱ्या बापानं खडा जिभेवर ठेवला, डोळं मिटलं, आन माझ्या पाठीवर हात ठेवला. मला बरं वाटलं." ह्यांच्याकडं बघून म्हणाला, "बरं वाटलं, साडू. तुमी तिकडं कापल्या पायानं वरडत हुता, आन मला हिकडं बरं वाटत हुतं. वैनी पंगतीत बोलल्या त्यात खोटं काय हाय?"

ढेप पुन्हा पाठीवर घेतली आणि आत गेला. माणसं उठून आपापल्या कामाला लागली. रडणाऱ्या म्हाताऱ्यानं सुदीक पुन्हा वर बघितलं न्हाई.

तिथनं आमी तुझ्या दाराशी आलो. तू दार अर्धंच उघडलंस. मी म्हणाले, "बने, चुकलं माझं."

तू म्हणालीस, "आक्का, तू खोटं बोलली असतीस, तर मी कवाच माफ केलं असतं. तू त्यांच्या मनातलं बोललीस. कैदेतनं आल्यापास्नं त्यांनी गूळ तोंडात घातलेला न्हाई. घरात आणू देत न्हाईत. पोरं फिका चहा पित्यात. ते सवताला जे म्हणत्यात, ते तू पंगतीत म्हणालीस." आणि दार लावलंस.

मी गाडीत सगळ्या वाटंला गप होते. ह्यांना वाटलं, मला पस्तावा झालाय. पस्तावा होता. पण खालती आणखी एक होतं, ते तुला सांगते, हसशील तर हस. मला वाटत होतं, असा माणूस हिला मिळाला. चारचौघांत कुणी त्याला निर्दोष म्हणत असताना, न्हाई म्हणून सांगणारा. आणि मी घरी चाललेय ती बोट दाखवणाऱ्या माणसाबरोबर. त्याच माणसानं काठी टेकत सगळ्यांपुढं ते कबूल केलं, हे बी मी बघितलं. तरी मनात आलं ते आलं.

साळू


कोरेगाव
९ फेब्रुवारी १९७४

बने,

आण्णांच्या निरोपावर तू नाथाजीरावांना धाडलंस, सवता आली न्हाईस. आण्णांचा हात आता कापतो, काहिलीपुढं उभं राहवत न्हाई. विहिरीवरचा एवढासा ऊस जगलाय. आण्णा म्हणाले, "नाथा आला तर गुऱ्हाळ, न्हाईतर ऊस गुरांना." गुरूचा शब्द म्हणून ते आले, माझ्यासाठी न्हाई, हे मला कळतं. मी घरातच राहणार होते. पण काहिलीखालच्या चुलवणात चिपाड घालायला हे बसले, पाय काढून खड्ड्याच्या कडंला, आणि ह्यांना चिपाड पुरवायला कुणी न्हाई. मग गेले.

सकाळी रस काहिलीत सोडला. तुझा मालक उभा राहिला तो कुणाशी बोलंना. भेंडीचं पाणी घातलं, मळी काढली, सगळं आण्णांसारखं. फेस आला, बसला. बने, मी लांब होते तरी मला वास आला. झालं होतं. अगदी तेवढ्यात उतरवायचं होतं. आण्णा खाटेवरनं वरडले, "नाथा, उतरीव!"

तो हलला न्हाई.

"नाथा! चढतोय पाक!"

गावची माणसं काहील उचलायला दोन्ही बाजूंना उभी होती, ती त्याच्याकडं बघाय लागली. मी पळत निघाले. मला येतं ते, मी उतरवलं असतं. ह्यांनी खड्ड्यातनं माझ्या लुगड्याचा पदर धरला. "ऱ्हाऊ दे, साळे."

"जळतंय की!"

"ऱ्हाऊ दे. जळू दे."

आणि ह्यांनी चुलवणात आणखी चिपाड घातलं.

पाक लाल झाला, मग काळा. धूर निघाला, कडू वास सगळ्या मळ्यात पसरला. कुणीतरी शिवी दिली. आईनं तोंडाला पदर लावला. दुष्काळातनं पोरागत जगवलेला ऊस, बने. तुझा मालक धुरात उभा, डोळ्यांतनं पाणी, धुराचं का कशाचं कळत नव्हतं. मग खाली बसला आणि म्हणाला, "आण्णा, ही तिकडं करपवाय पाहिजे हुती."

मला वाटलं, आण्णा आता काठी उगारतील. ते उठले, थरथरत त्याच्यापाशी आले, काहिलीत बघितलं. म्हणाले, "करपवाय मला न्हाई शिकवता आलं तुला. माझीच चूक." मग माणसांना म्हणाले, "विस्तू वढा बाहेर. काहील घासा. दुसरा रस काढा."

काहील त्यानं एकट्यानंच घासली. कुणाला हात लावू दिला न्हाई. हे कडंला बसून पाणी ओतत होते. दोघं साडू, एक घासतोय, एक ओततोय. एकदा फक्त हे म्हणाले, "हिकडं कोपऱ्यात ऱ्हायलंय." आणि तो म्हणाला, "व्हय, दिसतंय मला."

दुसरी काहील दिवस कलताना उतरली. उतरवताना त्यानं आण्णांकडं बघितलं न्हाई, माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. तेवढंच. वासावरनं मला कळतं हे आण्णांकडं शिकत होता तवापास्नं त्याला ठावं होतं, कुणी विचारलं नव्हतं इतकंच. गूळ चांगला झाला. किती चांगला ते सांगत न्हाई, तुला जळवल्यागत होईल. गूळ गार करायच्या वाफ्यातनं एक खडा त्यानं उचलला, बराच वेळ बोटांत धरला, मग तोंडात घातला. ह्यांनी दुसरीकडं मान वळवली.

आता तो वसरीवर झोपलाय. कसा झोपलाय म्हणून सांगू, लहान पोरासारखा, तोंड उघडं टाकून. उद्याच्या गाडीनं येतोय. त्याला काही विचारू नको. आण्णांनी पुढच्या सालाचं सांगून ठेवलंय, तो व्हय म्हणालाय. लोक काय म्हणतील ते म्हणतील. लोकांना सांगायची सुरुवात मीच केली होती, ते थांबवणं आता माझ्या हातात न्हाई. इथं कुणी विचारलं तर मी आज बघितलं ते सांगते, जळलेल्या काहिलीसकट.

तू मला घरात घे म्हणून मी म्हणत न्हाई. दार अर्धं उघडशील तेवढं बास.

आणि एक. मला तुझा हेवा वाटतो, बने. गेला असं लिहिलं तर तुला खरं वाटणार न्हाई, आणि ते खरंबी न्हाई. लहानपणापास्नं हाय, माझ्याबरोबरच जाईल. इतकी वर्सं मी तो सगळ्यांना दाखवला, सासूबाईंना, मामींना, भरल्या पंगतीला. तुला मात्र तो कवा आनंद म्हणून, कवा राग म्हणून लिहीत राहिले, हेवा म्हणून न्हाई. आता दुसऱ्या कुणाला सांगणार न्हाई. वाटला की तुलाच लिहीन.

तुझी
आक्का